राजीनामा

सातू हासी हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसेल. आमचे गाव राजापूर तालुक्यातले. जवळच जैतापूरला ज्या ई.पी.आर. जातीच्या अणुभट्ट्या योजिल्या आहेत, त्याच जातीची एक भट्टी फिनलंडमध्ये ओल्किलुओतो येथे आहे. तिच्याविषयी वाचायला घेतले आणि भट्टी बाजूला राहून मी या बाईंपाशीच थांबले.

१९५१ साली हेलसिंकीत जन्मलेल्या हासीबाई शिक्षणाने विद्युत अभियंता. १९९१ साली त्या हरित पक्षातर्फे संसदेत गेल्या, १९९७ साली पक्षाध्यक्ष झाल्या आणि १९९९ साली पाच पक्षांच्या सरकारात पर्यावरणमंत्री. विजेचे शास्त्र शिकलेली ही बाई अणुविजेला विरोध करीत होती. हजारो वर्षे सांभाळावा लागणारा कचरा पुढील पिढ्यांच्या माथी मारू नये, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. २४ मे २००२ रोजी संसदेने १०७ विरुद्ध ९२ मतांनी देशातील पाचव्या अणुभट्टीला मंजुरी दिली. हरित पक्ष सरकारातून बाहेर पडला व हासीबाईंनी मंत्रिपद सोडले.

हे मी घरी वाचून दाखविले तेव्हा बाबांनी विचारले, "मग भट्टी थांबली का?"

नाही थांबली. २००५ साली बांधकाम सुरू झाले. २००९ साली मिळायची ती वीज नियमितपणे मिळू लागली एप्रिल २०२३ मध्ये. शिवाय २०२२ साली खुद्द हरित पक्षानेच हवामानबदलाच्या भीतीने अणुविजेला मान्यता दिली.

"हातचे सोडून पळत्याच्या पाठी," बाबा म्हणाले. त्यांचेही खरेच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मला जी नोकरी लागेल तिच्यावर अख्ख्या घराचा डोळा आहे.

तरीही मला वाटते, भट्टी थांबली की नाही एवढ्यावरून त्या राजीनाम्याचे मोल ठरवता येणार नाही. मंत्रिमंडळात राहिल्या असत्या, तर तो निर्णय त्यांचाही झाला असता. मतदारांना एक सांगायचे आणि खुर्चीवर बसून दुसरे निभवायचे, हे त्यांनी नाकारले. पुढे त्या घरीही बसल्या नाहीत. २००४ ते २०१४ युरोपीय संसदेत आणि २०१५ ते २०२३ पुन्हा आपल्या देशाच्या संसदेत त्यांनी काम केले.

बाबांना हे मी अजून पटवू शकलेले नाही. पण नोकरीचा अर्ज लिहिण्यापूर्वीच, कोणत्या कारणासाठी ती सोडावी लागेल, हेही मनाशी ठरवून ठेवावे, असे मला वाटू लागले आहे.

— द्वितीय वर्ष, कला