थंडीतलं दुखणं थंडीतच ऐकावं

कळंबोलीत राहणाऱ्याला इंजिनाच्या आवाजाचं काही वाटत नाही. स्टील मार्केटकडे जाणारे ट्रेलर रात्रभर घरघरत असतात आणि आम्ही झोपतो. पण गेल्या डिसेंबरात पहाटेच्या एका आवाजाने आमच्या घरात वाद लावला. तो आवाज अब्बांच्या फियाटचा.

कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, पण इंजिन तिचं नाही. अब्बा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फिटर होते. पद्मिनीचं १०८९ सीसीचं मूळ इंजिन थकलं, तेव्हा त्यांनी ११८ एनई गाडीचं ११७१ सीसीचं इंजिन आणून बसवलं. माउंटिंगचे ब्रॅकेट स्वतः बनवले, आरसी बुकात नोंदही करून घेतली. ११८ एनई ही गाडीसुद्धा एक कलमच होती. १९८५ साली आलेल्या त्या गाडीची बॉडी इटलीच्या फियाट १२४ची, तर इंजिन जपानच्या निसानचं.

दुखणं असं होतं. पहाटे गाडी चालू केली की इंजिन वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली आणि बंद. दहा मिनिटं कशीबशी तग धरली की नंतर सगळं ठीक. मी तीन गॅरेजवाल्यांना दाखवली. तिथपर्यंत नेईस्तोवर इंजिन गरम झालेलं असायचं आणि गरम इंजिन शहाण्यासारखं चालायचं. प्रत्येकाने स्लोचा स्क्रू थोडा वाढवून दिला. एकाने प्लग बदलले, एकाने कॉइल. भाईजान म्हणाले, "पुरे झालं. भंगारवाला रविवारी येतोय."

अब्बा काही बोलले नाहीत. एके काळी गाडी फाटकातून आत येताना ते स्वयंपाकघरातून सांगायचे, "टॅपेट वाजतंय." आता वयाने कान गेलेत. यंत्र लावूनही आवाज नुसता गोंगाट वाटतो म्हणतात. गुरुवारी रात्री मला म्हणाले, "बेटी, फजरनंतर मला खाली ने. त्याआधी गाडीला हात लावू नकोस. आवाज तू ऐक आणि मला सांग."

पहाटे चांगलाच गारवा होता. मी बॉनेट उघडलं. अब्बा मडगार्डवर तळहात टेकून उभे राहिले. मी चोक ओढून गाडी चालू केली आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "खडखड करतंय!"

"खडखड म्हणजे लोखंडावर लोखंड. तसं आहे का?"

नव्हतं. मुलांना दिवसभर नेमका शब्द शोधायला लावणारी मी तिथे अडखळले. शेवटी म्हटलं, "दमेकरी जिना चढतो तसं. दम लागतो, थांबतं, परत चढतं."

"आता बरोबर. चारही सिलिंडर एकदमच दमतात ना? मग एका प्लगचा दोष नाही. चोक अजून ओढ."

ओढला. इंजिन जरा सावरलं. धूर काळा आहे का, त्यांनी विचारलं. नव्हता.

"म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवा जास्त शिरतेय."

मग त्यांनी समजावलं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते भिंतींना चिकटून राहतं. म्हणून चोकने हवा अडवून पेट्रोल वाढवायचं. त्याच वेळी कुठून चोरटी हवा आत आली तर इंजिन उपाशी राहतं. गरम झाल्यावर त्याला तेवढी सोसते. त्यात हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जेट तोच ठेवला तर मिश्रण आणखी पातळ होतं.

इंजिन बंद करून एअर फिल्टर काढला. चोकचं बटण पूर्ण ओढलं तरी कार्ब्युरेटरची झडप पाव उघडीच राहत होती. बटण आणि केबल फियाटची, कार्ब्युरेटर निसानच्या इंजिनाचा. दोघांची ओढ जुळत नव्हती. अब्बांनी मला केबलचा क्लॅम्प सरकवायला लावला आणि झडप पूर्ण मिटली. मला वाटलं, झालं.

"आता उद्या," अब्बा म्हणाले. "आज इंजिन कोमट झालं."

शनिवारी पहाटे गाडी पटकन चालू झाली, पण दम लागणं थोडं उरलंच. अब्बांनी साबणाचं पाणी आणि जुना रंगाचा ब्रश मागवला. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडावर मी फेस लावत गेले. मागच्या कोपऱ्यात फेस आत ओढला गेला आणि आवाज क्षणभर बदलला. मी सांगायच्या आत अब्बांनी मान हलवली. मडगार्डवरच्या हाताला ते कळलं होतं.

पॅकिंग वाळून आक्रसलं होतं. नवं घातलं, नट आलटून पालटून कसले. गरम झाल्यावर इंजिन फारच जोरात फिरू लागलं, तेव्हा तिन्ही गॅरेजवाल्यांनी वाढवलेला स्लोचा स्क्रू आम्ही पुन्हा मागे घेतला.

त्या स्क्रूने मला गप्प केलं. माझ्या वर्गातली घरी उर्दू बोलणारी काही मुलं सकाळच्या पहिल्या तासाला मराठी धडा वाचताना अडखळतात. तीच मुलं मधल्या सुट्टीत मराठीत झरझर भांडतात. मी वह्यांवर "सराव कमी" असा शेरा मारून जास्तीचं शुद्धलेखन देते. ती अडखळतात त्या वेळी शेजारी बसून, कुठल्या अक्षरापाशी, कशाला घाबरून, हे मी कितींदा ऐकलं?

रविवारी पहाटे भाईजान स्वतः खाली आले. चोक ओढला, चावी फिरवली. गाडी एका सुरात चालत राहिली. त्यांनी भंगारवाल्याला फोन करून "पुढच्या महिन्यात बघू" एवढंच सांगितलं.

मी अब्बांना म्हटलं, "बरी झाली."

"तीन दिवस थंडीत बघ, मग बोल," ते म्हणाले.