तापीची वाळू आणि हिवाळ्यातील चाल

कार्तिक सरून थंडीचा अंमल बसू लागला, की बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या बहादरपुरात पहाटे शेकोटीभोवती बसणारांची संख्या वाढते आणि फिरावयास निघणारांची घटते. व्यायामशिक्षणाच्या क्षेत्रात आयुष्य वेचलेल्या मला हा क्रम उफराटा वाटतो. कारण ज्या मुलुखात वैशाखाचे ऊन माणसाला दुपारभर घरात कोंडून ठेविते, तेथे शरीर कमाविण्याचा हंगाम हिवाळ्यावाचून दुसरा कोणता? दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याचा जुना शिरस्ता याच हवामानावर उभा होता. पावसाळा ओसरलेला असे, वाटा सुकत आणि नद्यांना उतार मिळे. १६८१ च्या प्रारंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर शहराबाहेरच्या ज्या संपन्न पुऱ्यांवर अकस्मात धाड घातली, त्यांत बहादूरपुऱ्याचे नाव अग्रभागी येते, आणि ती दौडही ऐन थंडीतलीच होती.

थंडीचा असा उपयोग परदेशातही होतो; कॅनडात नोकरीनिमित्त स्थायिक झालेला माझा एक माजी विद्यार्थी तेथील हिवाळ्यात ‘स्नोशू’ बांधून माळरान तुडवितो. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी लाकडाची चौकट वाकवून व तीत चामड्याच्या वाद्या विणून हे साधन सिद्ध केले. त्यामुळे देहाचा भार तळपायाऐवजी विस्तृत पृष्ठभागावर विभागला जातो, पाय भुसभुशीत बर्फात फारसा रुतत नाही. तथापि गुडघा उंच उचलावा लागून मांड्या, कंबर व श्वास यांना भरपूर श्रम पडतात. बर्फ आमच्याकडे नाही; परंतु पायाखाली रुतणारी भूमी आहे, ती तापीच्या पात्रात. पाऊस सरल्यावर पाणी आवरते, वाळूचे पट्टे उघडे पडतात, आणि बर्फावरील चालीने जे साधते त्याचा मोठा अंश तेथे कवडीही न खर्चिता पदरात पडतो.

कोरड्या वाळूत टाच टेकताच खाली जाते आणि पोटरीने दिलेला रेटा पुढे पोहोचण्याऐवजी वाळू मागे सारण्यातच अंशतः खर्ची पडतो. घोट्याभोवतीचे लहान स्नायू, जे डांबरी सडकेवर जवळजवळ निजलेले असतात, ते प्रत्येक पावलाला तोल सावरण्यासाठी जागे होतात. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये मोजमाप करून दाखविले, की कठीण जमिनीच्या तुलनेने वाळूत चालण्यास २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. त्यातील काही भाग वाळूत घडला, तर थोड्या वेळात अधिक श्रम पदरी पडतात.

मात्र श्रमाला मर्यादा हवी, आणि ती आपल्या आयुर्वेदाचार्यांनी फार पूर्वीच घालून दिली आहे. शीतकालात व वसंतात बलवानाने आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा, अशी वाग्भटाची आज्ञा आहे. तोंडाने श्वास सुरू झाला आणि कपाळ, नाक व काखा यांवर घाम दिसू लागला, की ती मर्यादा आली असे समजावे. म्हणून आरंभी ओल्या, घट्ट काठावरून चालावे, पोटऱ्या सरावल्यावर कोरड्या वाळूत शिरावे, आणि गुडघा अथवा घोटा दुखावलेल्याने तूर्त घट्ट वाटच धरावी. कडाक्याच्या थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. यास्तव हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊन, उन्हे वर आल्यावर, अंगात ऊबदार कपडे घालून निघावे. पात्रात एकट्याने जाऊ नये आणि जेथे वाळू उपसून खड्डे पडले आहेत तिकडे फिरकू नये.

हिवाळ्याच्या या चार महिन्यांत हृदयाला व स्नायूंना जी क्षमता लाभते, ती चैत्र-वैशाखात केळीच्या बागेत व कपाशीच्या रानात राबणाऱ्याला उष्मा सोसण्यास साह्यभूत होते; म्हणून दिवाळीचा फराळ आटोपताच घरातील लहानथोरांनी मिळून नदीची वाट धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.