दोरा आणि कोनमापक

रत्नागिरीत राम आळीच्या एका बोळात काकांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नातं काही नव्हतं. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. आज मी पुण्यात एका छोट्या गेम कंपनीत आहे आणि खेळातल्या कॅमेऱ्याचं काम बघतो. त्या कामातली माझी जी काही समज आहे, तिचा निम्मा वाटा तरी त्या दुकानाचा आहे.

दुकानात टीव्हीबरोबर कॅसेटवाले व्हिडिओ गेमही दुरुस्तीला यायचे. खाऱ्या हवेने कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडत. घरोघरची पोरं त्यात फुंकरा मारून आणखी वाट लावत आणि काका खोडरबराने त्या पट्ट्या घासत बसत. झालेलं काम तपासायला ते मला रिमोट देत. (आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो.) मारिओ, कॉन्ट्रा, किंवा पार्लरमधला ‘मुस्तफा’ – कॅपकॉमच्या या १९९३ च्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण ते आम्हाला कुणाला ठाऊक होतं! – या सगळ्यांत माणूस एका बाजूने दिसे आणि चालत राही. आपण हे कुठून तरी बघतोय, ती जागा कुणीतरी ठरवली आहे, असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

पुढे टीव्हीचं काम कमी झालं तसे काकांनी मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले आणि सायबर सुरू केलं. २००७ मध्ये ‘रेसिडेंट इव्हिल ४’ कॉम्प्युटरवर आला. दोन वर्षांपूर्वी निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आणि मग प्लेस्टेशन २ वर गाजलेला गेम. नायकाच्या खांद्यामागून दिसणारं ते दृश्य मी मासिकांत बघितलं होतं. इथे मात्र माउसने नेम धरायची सोयच नव्हती. सगळं कीबोर्डच्या बटणांवर. शिवाय जरा वेळ खेळलं की डोकं गरगरायचं. आणि सेव्ह करायला गेममधला टाइपरायटर शोधावा लागे. तो सापडायच्या आत भारनियमनाची वेळ झाली की तासाभराची मेहनत पाण्यात. आमचे इतर गेम एक बटण दाबलं की जिथल्या तिथे सेव्ह होत.

कॉम्प्युटर तर प्लेस्टेशनपेक्षा ताकदवान, मग हा इथे असा का चालतो? मला वाटे कार्ड जुनं असेल, रॅम कमी असेल. काकांनी मशीनला हातच लावला नाही. त्यांनी दोरा काढला, एक टोक माझ्या भुवईपाशी धरलं आणि दुसरं मॉनिटरच्या डाव्या कडेला, मग उजव्या कडेला लावलं. मधला कोन माझ्याच कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला: छत्तीस अंशांच्या आसपास. मग मला बाहेर नेऊन गिऱ्हाइकाच्या एकवीस इंची टीव्हीपासून सात फुटांवर खुर्चीत बसवलं. तिथे कोन भरला जेमतेम बारा.

“हा खेळ हितं बसणाऱ्यासाठी केलाय रे,” काका म्हणाले. “तू तिथं नाकाला लावून बघतोस.”

काकांनी उभ्या आयुष्यात एकही गेम पुरा खेळला नव्हता. पण माणसाने पडद्यापासून किती लांब बसावं, हे ते गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. लांबून बघणाऱ्याला कॅमेऱ्याची चौकट अरुंद असली तरी चालते. उलट माणूस मोठा दिसतो, बरं वाटतं. तीच चौकट जवळच्या पडद्यावर आली की डोळ्यांना भोकातून बघितल्यासारखं होतं आणि मान वळली की पोटात ढवळतं. म्हणूनच मुळात कॉम्प्युटरसाठी केलेल्या गेममध्ये ही चौकट बहुधा नव्वद अंशांच्या आसपास असते. हे मी नंतर वाचलं. कळलं होतं ते त्या दोऱ्याने.

पुण्यात मुलाखतीला विचारलं, एकच खेळ टीव्हीवर आणि कॉम्प्युटरवर द्यायचा तर काय बदलशील? मला दुसरं काही सुचेना. मी दोरा सांगितला. नोकरी मिळाली.

बाकीचं काम करता करता शिकलो. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये ढगावर बसलेलं एक पात्र चक्क कॅमेरा धरून मारिओच्या मागे फिरतं. फिरता कॅमेरा ही गोष्टच तेव्हा नवी होती. पुढच्या वर्षी सोनीने दोन दांड्यांचा ड्युअलशॉक आणला आणि हळूहळू एक अंगठा पायांसाठी, दुसरा नजरेसाठी अशी वाटणी रूढ झाली. दांडीने आपण वळण्याचा वेग सांगतो, माउसने थेट अंतर. म्हणून दांडीवाल्याला गेम नेम धरायला गुपचूप मदत करतो आणि माउसवाल्याला तीच मदत लुडबूड वाटते. हे न बघता टीव्हीवरचा गेम नुसता उचलून कॉम्प्युटरवर आणला की काय होतं, ते २०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ने दाखवलं: मॉनिटर कितीही मोठा असो, आत चित्र १०२४ बाय ७२० चंच. ड्युरांटे नावाने लिहिणाऱ्या एका चाहत्याने काही तासांत ते सोडवून दिलं, हा त्याचा मोठेपणा.

२०२० मध्ये पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला, ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर. पुढे रत्नागिरीला गेलो तेव्हा काकांना दाखवला. भाऊ शोधायला निघालेली राजी, राजस्थानी धाटणीचे महाल, आणि कॅमेरा पूर्णपणे गेमच्या ताब्यात; माउस हलवा नाहीतर ठेवून द्या. मी कुरकुरलो की उडी मारताना समोरची कड किती लांब आहे याचा अंदाज येत नाही, आणि कॉम्प्युटरवाल्याला नजर फिरवायची सवय असते. काका मात्र त्या भल्यामोठ्या तटबंदीत एवढीशी दिसणारी पोरगी बघत राहिले.

“नाटकाला जातोस तेव्हा खुर्ची उचलून विंगेत जातोस काय?” त्यांनी विचारलं.

मला ते पटलं नाही, आजही अर्धंच पटतं. पण आमच्या सध्याच्या खेळात मारामारी आणि उड्यांच्या जागी कॅमेरा खेळाडूकडे आहे आणि गोष्ट सांगायच्या जागी आमच्याकडे. ही वाटणी त्या भांडणातून आली. चौकटीची रुंदी कमी-जास्त करायची पट्टी सेटिंगमध्ये पहिल्याच पानावर आहे, तीही त्यांचीच. गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांत तुमचं नाव घालू का, असं फोनवर विचारलं.

“नाव कशाला?” ते म्हणाले. “सेव्ह कुठंपण करता येऊ दे. हितं लाइट जाते.”