तपकीर गल्लीतला कॉल

पुण्यात १०८च्या अँब्युलन्सवर डॉक्टर म्हणून काम करताना बुधवार पेठेचा कॉल आला की मी पायलटला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, आधी विचारतो, ‘गाडी कुठपर्यंत जाईल?’ शिवाजी रस्त्यावर दगडूशेठच्या दर्शनाची गर्दी, लक्ष्मी रस्त्यावर खरेदीची, जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांची. आत गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की चालणारा माणूसही अडतो. २०१४ साली राज्यात ही सेवा सुरू झाली, तेव्हा शहरात २० मिनिटांत पोहोचायचं ठरलं होतं. बंद पडलेलं हृदय तेवढं थांबत नाही. रक्त मिळालं नाही तर ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही, शॉक दिला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

त्याच पेठेतल्या, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतला तो कॉल भर दुपारचा. ‘एकजण पडलेत, घरघर चाललीय.’ ही घरघर फार फसवी. लोकांना वाटतं, श्वास चालू आहे. खरं तर हृदय थांबल्यानंतरची ती धडपड असते. गाडी रस्त्यावरच लावली आणि मॉनिटर, ऑक्सिजन, श्वास द्यायची अँब्यू बॅग घेऊन दिव्यांच्या माळा आणि वायरच्या भेंडोळ्यांमधून पळत सुटलो.

दुकानाच्या फरशीवर पन्नाशीतले एक गृहस्थ. कुणी तोंडावर पाणी मारलं होतं, कुणी तळपाय चोळत होतं, एक काका कांदा फोडून घेऊन आले होते. आणि त्या गलक्यात शेजारच्या दुकानात काम करणारा एक पोरगा गुडघ्यांवर बसून, कोपरं ताठ ठेवून, छातीच्या मधोमध दाबत होता. हे तो कॉलेजात शिकलेला. घामाने निथळत होता, पण थांबला नव्हता.

‘तू दाबत राहा,’ मी म्हटलं. पाण्याने भिजलेली छाती पुसून कोरडी केली, पॅड चिकटवले. मॉनिटरवर व्हीएफ. म्हणजे हृदय रक्त ढकलत नाही, नुसतं थरथरतं. या थरथरीवर शॉक चालतो. रेघ सपाट झाली की चालत नाही. ती सपाट झाली नव्हती, याचं श्रेय मी त्या पोराच्या हातांना देतो. सगळ्यांना मागे सारून शॉक दिला आणि लगेच पुन्हा दाबायला लागलो: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देत.

‘अहो, आधी हॉस्पिटलात न्या ना!’ मागून कुणीतरी ओरडलं. ती तगमग मला कळते. पण माणूस उचलून पळताना छाती नीट दाबता येत नाही, जुन्या वाड्याच्या जिन्यावर तर नाहीच. जिथे पडला तिथेच झुंजावं लागतं. पुढच्या शॉकनंतर मानेशी नाडी लागली. ससून रुग्णालयात सोपवलं तेव्हाही ती होती.

स्ट्रेचर गाडीत चढवताना पोरगा जवळ आला. ‘डॉक्टर, बरगडी कडकन वाजली. माझ्यामुळे मोडली का हो?’ मोडली असेल, म्हटलं. नीट दाबलं की कधी कधी मोडते, पण ती भरून येते. तू दाबलंस तेच बरोबर होतं.

पुढे तिथल्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला छाती दाबायला शिकवण्यासाठी बोलावलं. विसर्जनाच्या गर्दीत अँब्युलन्सला वाट करून देणारी ही माणसं. शिकायलाही तितक्याच तळमळीने बसली. एका वयस्क दुकानदारांनी विचारलं, ‘तोंडाने श्वास द्यायला मला नाही जमणार, मग?’ नका देऊ, म्हटलं, नुसती छाती दाबा. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या माणसांची कामं वाटली: एकाने दाबायचं, दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा आणि तिसऱ्याने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आम्हाला आत आणायचं.