धन्याले वाघ खाये

वऱ्हाडात बैलाला दिलेली शिवी बैलाला लागत नाही. "तुह्या धन्याले वाघ खाये!" असं ओरडत वखरामागं चालणारा माणूस पुष्कळदा स्वतःच त्या बैलाचा धनी असतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या रानात, ही शिवी ऐकतच मी वाढलो. तिच्यात चीड आहे, बैलावरची माया आहे आणि आपल्याच नशिबाला हाणलेला टोलाही आहे. चार शब्दांत एवढं बसवणाऱ्याकडे भाषा नाही, असं कुणी म्हटलं तर मी ते मानणार नाही.

शब्द संपले की शिवी सुरू होते, असं आपल्याला शाळेत सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या क्रिस्टिन आणि टिमोथी जे या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली हा समज तपासून पाहिला. एका मिनिटात किती शिव्या आठवतात आणि किती साधे शब्द आठवतात, ते त्यांनी मोजलं. शिव्या भराभर आठवणाऱ्यांना बाकीचे शब्दही भराभर आठवले. मला त्याचं नवल वाटलं नाही, मी माझ्या आजीला ऐकलं होतं. कोंबडीला एक, बकरीला दुसरी, हुलकावणी देणाऱ्या ढगाला तिसरी. "मुर्दा बशिवला तुहा", "पटकी आली तुले". गावंच्या गावं ओस पाडणारी पटकी कधीच सरली होती, तिची दहशत मात्र आजीच्या जिभेवर जिवंत होती. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे जाहीर म्हणायचे टोमणे, सुरू होत; त्यात सावकार, पाटील, सरकार, कुणीच सुटत नसे. तिथं नुसत्या घाणेरड्या शब्दाला दाद नव्हती. यमक जुळावं लागे, नेम बसावा लागे.

पण त्या अमेरिकन अभ्यासात मोजलं गेलं ते शिव्या ठाऊक असणं. उठताबसता एकच शिवी देत राहणं ही वेगळी गोष्ट आहे. आज स्टँडवरच्या पानटपरीपाशी उभं राहिलं की आई-बहिणीवरून तीच एक ऐकू येते. मित्र भेटला की ती, विकेट गेली की ती, कापसाचा भाव पडला तरी तीच. बोलणाऱ्या पोराची बुद्धी कमी नसते. त्याला नेमकं काय झालंय, हे मात्र त्या शिवीतून त्याच्या शेजाऱ्यालाही कळत नाही.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेला एक रुग्ण तपासला. त्याच्याजवळ 'टॅन' एवढाच उच्चार उरला होता, पण संतापला की देवाच्या नावाचा एक शिवीवजा उद्गार तोंडून सबंध बाहेर पडे. वाक्य जुळवणारी शक्ती गेली तरी शिवी राहते. ती वाक्याच्या आधीची आहे, आणि म्हणूनच मला तिची काळजी वाटते; आमच्या भागात बोलून दाखवायची गोष्ट शिवीतच अडकते. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राचं पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. त्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो याच होरपळीच्या कादंबरीला. पावसाला, व्यापाऱ्याला, बँकेला शिव्या देणारे गडी मी पारावर खूप ऐकले. "मले भेव लागते" म्हणणारा गडी तिथं क्वचितच भेटला. भेव सांगायला कर्ता लागतो, क्रियापद लागतं, आणि ऐकून घेणारा लागतो.

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: बाईच्या देहावरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. मला तो ठराव मनापासून पटला. भांडण दोन गड्यांचं, आणि चिखल उडतो तो घरात भाकरी थापणाऱ्या बाईवर. हे थांबायलाच हवं. पण दंडानं तोंड मिटतं, आतली गोष्ट बोलती होत नाही. आमच्या घाटाखालच्या गावांनी असा ठराव केला तर तो पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली वाचावा आणि लगेच झडत्या सुरू कराव्यात. पहिली झडती दंड भरलेल्यानं म्हणावी, मग ती बियाण्याच्या भावावर असो, पीकविम्यावर असो, की त्याला रात्री झोप का लागत नाही यावर.