अनोळखी माणसासाठी काढलेला चेहरा

नटाचा फोटो त्याच्या घरच्यांसाठी नसतो. आईला मुलगा कुठल्याही फोटोत देखणाच दिसतो आणि मित्रांना त्याची बाइक, गॉगल, हाताची घडी सगळंच आवडतं. पण ज्यानं तो फोटो बघून निर्णय घ्यायचा, तो अंधेरी-वर्सोव्याच्या एखाद्या कास्टिंग ऑफिसात बसलेला असतो. या पोराला त्यानं कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या मोबाइलवर शेकडो चेहरे येतात आणि प्रत्येक आधी अगदी बारीक चौकोनात दिसतो. तेवढ्याशा चौकोनातही डोळे दिसले पाहिजेत.

कळमेश्वरात माझा स्टुडिओ चालतो तो लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटोंवर. तरी नट येतात. एमआयडीसीतली पाळी संपवून नागपूरला तालमीला जाणारे, घरी संत्र्याची बाग असलेले, कॉलेजच्या एकांकिकेत पहिल्यांदा टाळ्या ऐकलेले. २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट आला आणि नागपूरच्या अंकुश गेडामला त्यातल्या कामासाठी फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. आपल्यासारखा चेहरा पडद्यावर चालतो, हे या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. तरीही खुर्चीत बसल्यावर मागणी तीच असते, ‘भाऊ, थोडा गोरा करून द्या न.’

मी करत नाही. उन्हात रापलेला रंग, गालावरचा जुना व्रण, किंचित वाकडं नाक ही नटाची पुंजी आहे. फोटो बघून बोलावलेला माणूस दारातून आत आला आणि फोटोतल्यासारखा दिसला नाही, तर पहिल्या क्षणालाच विश्वास जातो. मग संवाद कितीही चांगला म्हटला तरी तो भरून निघत नाही. पुटकुळी आठवड्यात जाणार असते, ती मी काढतो. व्रण राहणार असतो, म्हणून तो राहू देतो.

आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं आहेत, वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. त्या नाटकांच्या भडक रंगांच्या पोस्टरवर सगळ्या नटांचे चेहरे दाटीवाटीनं बसवलेले असतात. रस्त्यानं जाणाऱ्याला ते पोस्टर हाक मारतं आणि त्या कामासाठी ते योग्यच आहे. माझं काम वेगळं, एकेका चेहऱ्याचं. त्यासाठी छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ हे पुस्तक मी पुन्हा पुन्हा बघतो. पण त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसलेली बहुतेक माणसं आपल्याला आधीपासून माहीत होती. माझ्या खुर्चीतला मुलगा कुणालाच माहीत नसतो, म्हणून माझा प्रकाश साधा हवा.

उत्तरेची खिडकी, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट, मागे राखाडी भिंत, एवढ्यात काम होतं. लेन्स ८५ मिमी, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, मी पाच-सहा फुटांवर. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात, आणि मुलं म्हणतात माझा चेहराच फोटोजेनिक नाही. शर्ट साधा, इस्त्रीचा, छापील अक्षरांशिवाय.

दाढीचा क्रम ठरलेला. नट दाढी वाढवूनच येतो. आधी तिच्यासह फोटो, मग शेजारच्या सलूनमध्ये जाऊन फक्त मिशी ठेवायची, शेवटी मिशीही उतरवायची. एका दुपारी एकाच माणसाचे तीन वेगळे चेहरे हाती येतात. क्रम उलटा करता येत नाही, एवढं आधीच फोनवर सांगून ठेवावं लागतं.

अवघड काम डोळ्यांचं. आपल्याकडे पुरुषाला फोटोत हसायची सवय नाही. लहानपणापासून ‘सरळ बस, गंभीर राहा’ असंच ऐकलेलं असतं, त्यामुळे कॅमेरा दिसला की जबडा आवळला जातो, छाती पुढे येते आणि डोळे रिकामे होतात. ‘स्माइल’ म्हणून काही होत नाही. मी त्याला एखादी ओळ मनात म्हणायला सांगतो, पुस्तकी मराठीत नाही, त्याच्या घरच्या बोलीत. बापाला सांगायचं राहून गेलेलं काही. हनुवटी जराशी पुढे, मग थोडी खाली. ओळ संपते, श्वास सुटतो, तेव्हा बटण दाबायचं. आधी दाबलं तर ठरवलेला भाव मिळतो, उशीर झाला तर परत कॅमेऱ्याची आठवण येते.

निवडताना घरच्यांना विचारू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. नाटकाच्या दिग्दर्शकाला विचारा. त्यानं तुम्हाला काम करताना पाहिलेलं असतं. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, एक पूर्ण उंचीचा, एवढे फोटो पुरेत. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर बारकावे जातात. फाइलला नाव, वय, उंची आणि नंबर द्यायचा, म्हणजे फोटो पुढे पाठवला गेला तरी माणूस सापडतो. आणि वजन बदललं, केस विरळ झाले, की जुना फोटो पाठवणं थांबवायचं. नव्या चेहऱ्यालाही भूमिका असतात, बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त. चाळिशीतले बाप, पोलीस, सरपंच लिहिणारे लेखक आहेत, त्यांना तसा चेहरा हवाच असतो.