लोटे ते दापोली : निवृत्त पलटणीच्या वाटेवर

मुंबई–गोवा महामार्गावरील लोटे येथून उत्तरेस निघालेला प्रवासी रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत मागे टाकून भरणे नाक्यावर येतो आणि तेथून पश्चिमेस वळून, जगबुडीकाठच्या खेडमधून, सुमारे तीस किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता चढत दापोलीच्या पठारावर पोहोचतो. हर्णैच्या किनाऱ्याकडे निघालेले पर्यटक या गावी फारसे रेंगाळत नाहीत. परंतु कोकणच्या लष्करी इतिहासाचा एक दुर्लक्षित अध्याय येथेच घडला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणच्या बंदोबस्तासाठी थंड हवेची ही जागा छावणीकरिता निवडली आणि ‘कॅम्प दापोली’ हे नाव रूढ झाले. १८४० च्या सुमारास नियमित सैन्य हलविण्यात आले व मागे ‘व्हेटरन बटालियन’ राहिली. वय किंवा प्रकृती यांमुळे रणांगणावरील सेवेस अयोग्य ठरलेल्या, परंतु पहारा व बंदोबस्त यांसाठी उपयोगी असलेल्या शिपायांची ही पलटण होती. १८५७ मध्ये तीही मोडण्यात आली. लढाया मोजणाऱ्या इतिहासकारांना अशा पलटणीत सांगण्यासारखे काही दिसत नाही, आणि ही त्यांची मोठी चूक आहे.

पलटण गेली तरी पेन्शनर राहिले. सुरूची झाडे, जांभ्याचे गडगे आणि जुन्या इंग्रजी चर्चचे पडीक अवशेष पाहत छावणीच्या भागातून फिरताना हे ध्यानात ठेवावे लागते की मुंबई इलाख्याच्या सैन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून मराठ्यांप्रमाणेच महारही मोठ्या संख्येने भरती होत, आणि लष्करातील शाळांमुळे यांतील अनेकांना गावात दुर्लभ असलेली अक्षरओळख झाली होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले. १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध प्रश्नरूप पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पुढे महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर सरकारला सादर करण्यासाठी अर्जाचा मसुदा तयार केला. मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ याच गावी राहिले, तेव्हा त्यांचे पुत्र भीमराव बालवयात होते. ज्यांना लढाईच्या कामातून मोकळे केले गेले होते, त्यांनीच माणुसकीच्या हक्कासाठी लेखणी हाती घेतली, ही या छावणीची खरी कामगिरी होय.

भरतीचे दार १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेपोटी १११ व्या महार पलटणीच्या रूपाने उघडले, युद्धानंतर पुन्हा बंद झाले, आणि अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. खेड, दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील ज्या घरांत जुनी पदके, डिस्चार्जचे दाखले किंवा पेन्शनचे कागद अद्याप पेटीच्या तळाशी असतील, त्यांनी ते वाळवीच्या तोंडी पडण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाकडून वा अभ्यासकाकडून नोंदवून घ्यावेत.